गाडीच्या पाठीवरची मी

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. हसलात ना? हसा, हसा! गाडीचं पाचवं चाक, जे कधी रस्त्याला लागत नाही, त्याला कसलं आलंय आयुष्य, असंच वाटलं ना? पण ऐका तर खरं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. अंगावर नक्षी अशी ठसठशीत उमटली होती की मी स्वतःवरच खूश होते. मग मी मिशनच्या जीपच्या पाठीवर चढले आणि पास्टर मुबितांच्या घरची झाले. त्यांची बदली शहरातून थेट नदीपलीकडच्या वाळूच्या मुलखात झाली होती. पास्टर, त्यांची बायको नामुकोलो, मुलगी इनोंगे, धाकटा लुबिंदा आणि पास्टरांची आई, जिला अख्खं गाव कुकू म्हणजे आजी म्हणतं, एवढी माणसं. आणि मी!

पाठीवर बसल्यामुळे मी सगळं जग उलटं पाहिलं. इतर चाकांना गाव येताना दिसतं, मला जाताना. हात हलवणारी पोरं, धुरळा, लहान होत जाणारी चर्चची घंटा. सुरुवातीला नामुकोलो मला पुसायची, पास्टर माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "ही आहे म्हणून झोप लागते." पुढे थापही थांबली. माझ्यात हवा किती उरली आहे, हे कुणीच विचारेना.

आमच्याकडे कुणाचीच गाडी एकट्याची नसते. मिशनची गाडी निघणार अशी कुणकुण लागली, की आंब्याखाली माणसं गाठोडी घेऊन बसलेलीच. नाही म्हणायचं कसं? पास्टरांना तर ते कधीच जमलं नाही.

त्या दिवशी लुबिंदाला ताप होता. साधा नव्हे, मलेरियाचा. तो बरळत होता, बहिणीला ओळखत नव्हता. गावातलं औषध संपलेलं. नदीपलीकडच्या दवाखान्यात न्यायचं, तर दिवस मावळायच्या आत तराफा गाठायला हवा, कारण मग गाड्या नेणारा तो तराफा पलीकडे बांधून ठेवतात. गाडीत आधीच दिवस भरलेली एक बाई, वाळलेल्या माशांची पोती घेतलेली सिताली मावशी आणि तिच्या दोन कोंबड्या. त्यात डोळा सुजलेले न्याम्बे आजोबा काठी टेकत आले. जागा कुठे होती?

पास्टरांनी पाना घेतला आणि मला पाठीवरून उतरवलं. माझ्या जागी पोती बांधली, पोत्यांच्या जागी आजोबा बसले.

"अहो, स्टेपनी नका ना काढू," नामुकोलो म्हणाली.

"अगं, म्हाताऱ्याला वाळूतून चालत पाठवू? देव आहे ना."

"देव आहे हो. पण पंक्चर झाल्यावर पाना धरायला तो येणार आहे का?"

सिताली मावशी फिस्सकन हसली. पास्टर नाही हसले. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी गाडीला हात लावून प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि गाडी निघाली. इनोंगे आणि कुकू मागे राहिल्या. मीही आंब्याला टेकून! आयुष्यात पहिल्यांदाच मी गाडीला माझ्यापासून लांब जाताना पाहिलं. रबराला रडता येत नाही, नाहीतर...

ऊन कलल्यावर नदीकडून एक कोळी धापा टाकत आला. "कुकू, पास्टरची गाडी वाळूत बसलीय! काटा घुसून चाक फाटलं. पोराला झटके येतायत. आणि नदी अजून लांब आहे!"

इनोंगेने मला उचललं, ढकललं, पण वाळूत मी कसली धावतेय! दोनदा लोळण घेतली. "रडू नकोस गं, बैल आण," कुकू ओरडली. आमच्याकडच्या बैलगाडीला चाकं नसतात, नुसतं लाकूड वाळूवरून घसरत जातं. म्हणजे बघा, चाक असून मी बिनचाकाच्या गाडीतून निघाले! कुकू बैलांना म्हणत होती, "चला रे बाबांनो, माझ्या लेकाच्या प्रवचनापेक्षा तरी लवकर संपवा वाट!" पण बघत होती सारखी सूर्याकडे.

आम्ही पोचलो तेव्हा ताणून बांधलेल्या लुंगीच्या सावलीत लुबिंदा आईच्या मांडीवर निपचित पडला होता. सिताली मावशी त्याच्या कपाळावर पाणी शिंपडत होती. इनोंगेने बापाकडे बघितलं. पास्टरांनी मान खाली घातली. जॅक वाळूत रुतत होता, तेव्हा कुकूने बैलगाडीची फळी काढून त्याखाली सरकवली. मी लागले. माझ्यात हवा अर्धीच होती, पण वाळूत मऊ चाकच बरं चालतं.

"आम्ही चालत येतो, तुम्ही पळा," न्याम्बे आजोबा म्हणाले आणि सगळे आपणहून बाजूला झाले.

मी धावले, मित्रांनो! जीव तोडून धावले. पहिल्यांदाच माझ्याखाली रस्ता होता. पण काठावर आलो तेव्हा सूर्य पाण्यात बुडत होता आणि तराफा पलीकडे बांधलेला. पास्टरांनी कितीदा हॉर्न वाजवला! शेवटी एका कोळ्याच्या होडीतून नामुकोलो लुबिंदाला घेऊन गेली. गाडी, पास्टर आणि मी अलीकडेच राहिलो. ती रात्र मी सांगणार नाही.

लुबिंदा वाचला. पण त्याचा डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. घरी कुणी कुणाला दोष दिला नाही. फक्त पास्टर एका सकाळी माझ्यासमोर बसले आणि माझ्या नक्षीतला चिखल काडीने काढत राहिले. कितीतरी वेळ.

आता मी पुन्हा पाठीवर आहे. अजूनही गाडीत माणसं कोंबलेली असतात, पण मला कुणी उतरवत नाही. नामुकोलोने नियमच केलाय, "आधी हवा, मग आमेन."

मित्रांनो, जे रोज उपयोगी पडत नाही, त्याचीही रोज विचारपूस करा. तुमच्या घरात, कोपऱ्यात, पाठीमागे कुणीतरी असेलच. गरज पडेल तेव्हा बघू, असं म्हणू नका. गरज थांबत नाही.

सगळे हात लावून प्रार्थना करतात, तेव्हा लुबिंदा मात्र मागे येतो. माझ्या तोंडाशी वाकतो आणि हवा सुटत नाही ना, ते ऐकतो. उजवा कान लावून. त्याने मान हलवल्याशिवाय पास्टर गाडी सुरू करत नाहीत.