‘येतो म्हण’चं तिसरं कडवं

विश्वेशला सकाळी घरातून नीट निघणं कधी जमलंच नाही. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्याची बस पकडायची म्हणजे चेन्नईच्या अड्यारहून उजाडायच्या आत बाहेर पडायला हवं, आणि हा पठ्ठ्या शेवटच्या क्षणापर्यंत गिटार मांडीवर घेऊन बसलेला. मग एका हातात डबा, दुसऱ्या हातात बूट आणि "जातो गं अम्मा!" असं ओरडत लिफ्टकडे धूम. की आतून आईची, सीतालक्ष्मीबाईंची हाक आलीच, "जातों म्हणूं नये! येतों म्हण!" गंमत म्हणजे तो परत यायचा. लिफ्टच्या दारात एक बूट अडकवून ठेवायचा, उंबऱ्यापर्यंत यायचा, "येतो" म्हणायचा आणि मगच जायचा. शेजारचे लिफ्टसाठी खोळंबून वैतागायचे.

रेवा त्याची बायको, सांगलीची, आयटीतली. सासूबाईंचं ते तंजावुरी मराठी तिला आधी अर्धंच कळायचं, मग त्याचं वेडच लागलं. विश्वेशचा ‘डिकॉक्शन’ नावाचा रॉक बँड होता. नोकऱ्या करणारी चार माणसं, शनिवार-रविवारी जुन्या धाटणीचं रॉक वाजवणारी. कॉम्प्युटरवर कापाकापी करायची नाही, सगळ्यांनी एका खोलीत बसून एकदम वाजवायचं, असा यांचा हट्ट. ऐकणारे मोजून पंधरा, त्यातले निम्मे नातेवाईक. एकदा रेवाने सहज सासूबाईंची ती रोजची हाक घेऊन ओळी बांधल्या: "जातों म्हणूं नको रे, येतों म्हण, येतों म्हण." विश्वेशने चाल लावली आणि लीड गिटारवाल्या उपेंद्रच्या अंगावर काटा आला. "हे गाणं आहे यार," तो म्हणाला. "बाकी आपण करत होतो ती नुसती खटपट."

तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात, एका लॉजच्या माडीवर व्यंकटचा स्टुडिओ होता. तिथे एका रविवारी ध्वनिमुद्रण ठरलं. आता इथे एक पद्धत सांगायला हवी. वादक वाजवतात तेव्हा गायक सोबत कच्चं गातो, म्हणजे वादकांना गाणं कुठवर आलं ते कळतं. त्याला गाइड म्हणतात. मागाहून ते पुसायचं आणि त्या जागी पक्कं गाणं घ्यायचं. त्या रविवारी दोन कडवी तयार होती, तिसरं रेवाला सुचतच नव्हतं. पहिल्यात माणूस निघतो, दुसऱ्यात परत येतो, मग तिसऱ्यात करायचं काय? विश्वेशने तिसऱ्या कडव्याच्या जागी नुसतं गुणगुणून घेतलं, आणि मधेच हसून माइकमध्ये म्हणाला, "रेवा, ओळी कुठंयत गं?" सगळे हसले. पुढच्या रविवारी पक्कं गाऊ, असं ठरलं.

पुढचा रविवार त्याने पाहिला नाही. बुधवारी बस चुकली म्हणून मोटारसायकलवर गेला, आणि कारखान्याच्या अलीकडे एका लॉरीने त्याला उडवलं. त्या सकाळीही तो लिफ्टपासून परत आला होता, "येतो" म्हणाला होता. सीतालक्ष्मीबाई ते पुन्हापुन्हा सांगत. "येतों म्हणाला तो. माझ्या कानांनीं ऐकिलें."

दहाव्या दिवशी समुद्रावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अहो, चेन्नईचा कावळा! इथे घराघरांत जेवायच्या आधी कावळ्याला भात घालतात, हात बाहेर काढायची खोटी की घास उचलून नेतात मेले. त्या दिवशी ओळीने वाळूवर बसून राहिले, पिंडाकडे बघत, एकही हलेना. गुरुजी घामाघूम झाले. जो तो पुढे होऊन सांगू लागला: अम्माला सांभाळू, तुझी गिटार जपू. कावळे ढिम्म. बायकांनी पुढे येऊ नये असं कुणी पुटपुटलं, तिकडे दुर्लक्ष करून रेवा वाळूत गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "तुझं गाणं मी पुरं करीन." तिचं बोलणं संपायच्या आत एका कावळ्याने झेप घातली. उपेंद्र शेजारीच उभा होता. त्याने ते ऐकलं, पाहिलं, आणि डोळे पुसले.

आणि नंतर काय केलं? पुरं केलं नाही. रेवाकडून एक ओळ होईना. कागद पुढे घेतला की रडू यायचं. शेवटी उपेंद्र म्हणाला, आहे तसंच बाहेर काढू, त्याच्या आठवणीसाठी. गाइड होतं तेच ठेवलं, ते हसणं आणि तो प्रश्न तेवढा कापला.

गाणं असं उसळलं की विचारू नका. मराठी न कळणाऱ्या या शहराला ते गुणगुणणं कळलं. तिथे शब्दच नव्हते, मग अडायचं कुठे? रिक्षात, लग्नात, चेपॉकच्या मैदानावर हजारो माणसं मोबाइलचे दिवे उंच धरून तिसऱ्या कडव्याला एका सुरात "हंऽऽ हंऽऽ" करायची. मग परदेशातही वाजायला लागलं. गाणं विकत घेतलेल्या कंपनीने बजावलं, बाकी काहीही करा, त्या गुणगुणण्याला हात लावू नका, तेच तर गाणं आहे.

खोट पहिल्यांदा ऐकली ती सीतालक्ष्मीबाईंनी. शेजारच्या घरात सकाळी गाणं लागलेलं. इडलीचं पीठ ढवळता ढवळता त्या थांबल्या. "आज त्यानें निराळ्या ठिकाणीं दम घेतला," त्या म्हणाल्या.

"अम्मा, ते रेकॉर्डिंग आहे. रोज तेच असतं."

"मी आई आहें कीं तूं?" एवढंच म्हणून त्या पुन्हा पीठ ढवळू लागल्या.

त्याच सुमारास लिफ्टचं सुरू झालं. उजाडायच्या आत, विश्वेशच्या निघायच्या वेळेला, लिफ्ट आपोआप वर यायची, यांच्या मजल्यावर थांबायची आणि दार उघडायचं. आत कुणी नाही. दार मिटायला जायचं, मधेच कशाला तरी अडायचं, परत उघडायचं. दुरुस्तीवाला आला, सगळं तपासून गेला, काही बिघाड नाही म्हणाला. सीतालक्ष्मीबाई मात्र पहाटे उठून, अंघोळ करून दारात उभ्या राहू लागल्या, हातात डबा घेऊन. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख असायचं की रेवाला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

मग व्यंकटचा फोन आला. हा माणूस फोनवर दोन शब्दांवर तिसरा बोलत नाही. "मॅडम, या," म्हणाला. रेवा गेली तर तो स्टुडिओबाहेर जिन्यात बसलेला. मूळ ध्वनिमुद्रण त्याने गाणं बाहेर काढल्यापासून उघडलंसुद्धा नव्हतं, आज सहज लावलं होतं. आता त्याने तिला लावून दाखवलं. पहिलं कडवं, दुसरं, आणि मग ते गुणगुणणं. विश्वेशचा आवाज बसला होता. घसा खरवडून, धापा टाकत, कसाबसा सूर धरून तो गुणगुणत होता, आणि शेवटी, जिथे काहीच नव्हतं, तिथे अगदी हळू म्हणाला, "रेवा, ओळी कुठंयत गं?" या वेळी तो हसत नव्हता.

"ते वाक्य मी माझ्या हाताने पुसलं होतं," व्यंकट म्हणाला.

ती खाली आली. बोळाच्या तोंडाशी मोगऱ्याचे गजरे विकणारी एक बाई फुलं ओवता ओवता तेच गाणं गुणगुणत होती. तिसऱ्या कडव्याला तिने धाप टाकली. नेमकी तशीच. पलीकडे स्टॉपवर कॉलेजची मुलं तेच म्हणत होती, त्यांनीही टाकली. रेवाने एकाला अडवून विचारलं, हे असं कधीपासून आहे? तो हसला. "पहिल्यापासून असंच आहे, अक्का!"

स्टॉपवर उभ्या उभ्या तिला उमगलं. जो कुणी जिथे कुठे हे गाणं लावत होता, तिथे विश्वेशला यावं लागत होतं. येतो म्हणाला होता ना! लिफ्टपासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून लिफ्टपर्यंत, लाखो वेळा, रात्रंदिवस. आणि दर वेळी तिसऱ्या कडव्याशी येऊन अडायचं, कारण पुढे ओळीच नाहीत. आपण वचन दिलं, कावळ्याने ते घेतलं, आणि आपण त्याच्याच धापेवर टाळ्या मिळवल्या. तिला स्वतःची शिसारी आली.

उपेंद्रला सांगितलं तर तो भडकला. "गाणं आता आपलं राहिलेलं नाही, रेवा. लोकांचं आहे. त्यात ढवळाढवळ केलीस तर लोक आपल्याला फाडून खातील."

"तू होतास ना तिथे? कावळा शिवला तेव्हा?"

उपेंद्र म्हणाला, "होतो. म्हणून तर हल्ली मी ते ऐकत नाही."

त्या संध्याकाळी तिने ओळी लिहिल्या. सासूबाईंच्याच भाषेत, एका बैठकीत, जशा काही कधीच्या दाराबाहेर ताटकळत होत्या. घरी वाचून दाखवल्या तेव्हा सीतालक्ष्मीबाई ताडकन उठल्या.

"अय्यो, हें माझ्या घरांत बोलूं नको! माझा लेक रोज येतो. येऊं दे त्यास. तुज काय जड होतें?"

"तो थकलाय, अम्मा."

"खोटें."

"मग उद्या माझ्याबरोबर चला आणि ऐका. तुम्ही आई आहात."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी माडी चढून गेल्या. सीतालक्ष्मीबाईंनी येताना डबा आणला होता, दहीभाताचा. व्यंकटने गाणं लावलं. काचेपलीकडची गायकाची खोली अंधारी, रिकामी. खिडकीच्या गजांवर कावळे येऊन बसले, एकामागून एक, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. दुसरं कडवं संपलं. गुणगुणणं सुरू झालं, आणि पहिल्या धापेला सीतालक्ष्मीबाईंनी पदर तोंडाशी नेला. लहानपणी दम्याने बेजार झालेल्या पोराला मांडीवर घेऊन रात्री काढलेली बाई ती. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आतल्या गायकाशी बोलायला बाहेर एक छोटा माइक असतो. रेवाने त्याचं बटण दाबलं आणि नाटकात मागून वाक्य सांगतात तशी पहिली ओळ हळूच सांगितली.

"दिवा मालव, दार लोटून घे,"

गुणगुणणं थांबलं. मग काचेपलीकडून, रिकाम्या खोलीतून, विश्वेशने ती ओळ गायली. व्यंकट खुर्ची मागे सारून भिंतीला जाऊन टेकला.

"ताट माझें वाढूं नको,"

तीही गायली. आवाज जरा मोकळा झाला होता.

"पाय थकले येतां येतां,"

ती गाताना तो किंचित हसला, असं रेवाला वाटलं. आता शेवटची. तिने ती सांगितली, आवाज न कापता सांगितली. "जातों आतां, थांबूं नको."

काही नाही. मागे गिटार वाजत राहिली, ड्रम्स वाजत राहिले, आवाज नाही. रेवाने पुन्हा सांगितलं. पुन्हा शांतता, आणि तिच्या तळाशी नुसता श्वास, अडलेला, उंबऱ्याशी उभा असल्यासारखा. ती तिसऱ्यांदा सांगणार तोच सीतालक्ष्मीबाईंनी तिचा हात बाजूला केला. सगळा जन्म ज्या शब्दावरून त्याला माघारी बोलावलं, तो शब्द त्यांना विचारल्याशिवाय तो म्हणणार कसा? त्या माइकपाशी वाकल्या.

"म्हण, कण्णा," त्या म्हणाल्या. "जातों म्हण. आज मी मागें बोलावीत नाहीं."

क्षणभर गजांवरचे कावळेही हलले नाहीत.

"जातों आतां, थांबूं नको," विश्वेशने गायलं, स्वच्छ, भरल्या गळ्याने. आणि मग, सूर सोडून, रोजच्या घाईच्या आवाजात, "जातो गं अम्मा."

"जा," सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या. बटणावरचं त्यांचं बोट पांढरं पडलं होतं. "जा, राजा."

गाणं संपलं. सीतालक्ष्मीबाईंनी डबा उघडला आणि दहीभात खिडकीत उपडा केला. कावळ्यांनी एकच कालवा करत तो एका झपाट्यात फस्त केला, चेन्नईच्या कुठल्याही कावळ्यांनी केला असता तसा.

व्यंकटने लगेच गाणं पुन्हा लावून पाहिलं. तिसऱ्या कडव्याच्या जागी नुसती उपेंद्रची गिटार होती. बाहेर बोळात, फोनांत, सगळीकडे तेच. गाणं वाजतच राहिलं, लोक अजूनही मोबाइलचे दिवे उंच धरतात आणि तिथे गप्प उभे राहून गिटार ऐकतात. गुणगुणणं? कुठलं गुणगुणणं? ते म्हणतात, पहिल्यापासून असंच आहे. रेवा एखाद्या वेळी ते गुणगुणणं आठवू पाहते, आणि चाल तिच्या ओठांपर्यंत येत नाही. पहिल्या दोन कडव्यांत तो अजून गातो, पण त्याच्या आवाजातलं तिचं एकटीचं असं जे उरलं होतं ते तिने दिलं, आणि ते खरोखरच गेलं. फार दुखतं ते. दुखायचंच.

लिफ्ट आता पहाटे येत नाही. सीतालक्ष्मीबाई उजाडल्यावर उठतात, फारसं बोलत नाहीत. कुणी "जातो" म्हणालं तरी टोकत नाहीत. दूधवाला म्हणाला, पेपरवाला म्हणाला, त्या गप्प. परवा रेवाला ऑफिसला उशीर झाला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चपला, "जाते हो अम्मा!" असं ओरडत ती बाहेर पळाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. मागून काही आवाज आला नाही. तिने लिफ्टचं बटण दाबलं, लिफ्ट तळमजल्यावर होती, सावकाश वर येऊ लागली. दार उघडलं, तिने आत पाय टाकला.

"रेवा!" आतून हाक आली, घोगरी, बरेच दिवस न वापरलेली. "जातें म्हणूं नये!"

रेवाने एक चप्पल लिफ्टच्या दारात अडकवली आणि ती परत फिरली.