पूर्वअट आणि एकच साडी

आमच्या डहाणूच्या कॉलेजला स्वायत्तता मिळाली. म्हणजे काय झालं, तर सिलॅबसमधल्या ज्या चुकांसाठी आम्ही इतकी वर्षं विद्यापीठाला नावं ठेवत होतो, त्या आता स्वतः करायची मुभा मिळाली. वाणिज्य विभागाची प्रमुख म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येक विषयाचं वर्णन नव्याने लिहायचं, कोणत्या विषयाला प्रवेश घ्यायच्या आधी काय शिकलेलं हवं ती पूर्वअट ठरवायची, आणि जूनच्या आत सगळं अभ्यास मंडळाकडून मंजूर करून घ्यायचं.

मंडळ कागदावर मोठं आहे, पण बोलणारी माणसं तीनच. मी, गौरव आणि काशीनाथ सर. गौरव आमचा नवा प्राध्यापक. हुशार आहे, पण त्याला साधं वाक्य लिहवत नाही. लघुउद्योगाच्या नव्या पदवीचं वर्णन त्याने लिहून आणलं, 'विद्यार्थ्यांमध्ये समग्र उद्योजकीय दृष्टिकोन विकसित करून त्यांना गतिमान बाजारव्यवस्थेसाठी सक्षम करणे.'

"गौरव, यात चिकू कुठाय?" मी विचारलं.

"चिकू कशाला, मॅडम?"

"अरे, चिकू सुकवून विकायला शिकवणार आहोत ना आपण? मग तसं लिही की."

त्याने मुकाट्याने ओळ खोडली. काशीनाथ सर मात्र खोडणाऱ्यातले नव्हेत. ते निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण मंडळावर बाहेरचे तज्ज्ञ म्हणून मीच त्यांना बोलावून घेतलं होतं. मला जमाखर्च शिकवला तो त्यांनी. अजूनही त्यांनी 'सरला' अशी हाक मारली की मी आपोआप खुर्चीतून उठून उभी राहते. त्यांचा एकच हट्ट होता. या पदवीला येणाऱ्याने बारावीला बुक-कीपिंग घेतलेलं असलंच पाहिजे.

"डेबिट-क्रेडिट कळत नाही आणि निघाले धंदा शिकायला," सर म्हणाले. "अट म्हणजे अट."

खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. ज्यांचा पाया कच्चा आहे ती मुलं दुसऱ्या सत्रात कशा गटांगळ्या खातात, ते मी दर वर्षी बघते. माझी अडचण होती सुषमा.

सुषमा तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकली. तिथे बारावीला कला शाखा सोडून काही नव्हतंच, त्यामुळे बुक-कीपिंग घ्यायचं की नाही हा प्रश्नच तिला कोणी विचारला नाही. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या शिबिरात ती चिकू सुकवायला शिकली, आणि घरी जाऊन पाड्यावरच्या बायकांना गोळा करून कामाला लागलीसुद्धा. नवी पदवी निघतेय हे कळल्यापासून तिचे फोन सुरू झाले. "मॅडम, माझं होईल का?" मी म्हणायची, बघू. तिकडे उंबरगावच्या एका कंपनीत तिचं पॅकिंगचं काम ठरत आलं होतं, जून लागला की हजर व्हायचं होतं. कंपनी वाईट असते असं नाही. पण एकदा घर त्या पगारावर चालायला लागलं की मुलगी पुन्हा कॉलेजात आलेली मी तरी पाहिलेली नाही.

बैठकीत तोडगा निघाला नाही. सोमवारी पुन्हा बसायचं ठरलं. बाहेर पडते तोच सुषमाचा फोन.

"मॅडम, रविवारी आमच्याकडे लगीन आहे. तुम्ही यायचंच."

माझं डोकंच फिरलं. हिच्या भावाचं, मनिषचं, लग्न झालेलं असणार, कारण 'वहिनी'च्या गोष्टी मी वर्षभर ऐकत होते. म्हणजे उरली ही. मी इथे हिच्यासाठी सरांशी वाद घालतेय आणि ही बोहल्यावर चढतेय! तिला एका शब्दाने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मग मी कसली. बाजारातून एक मोरपंखी साडी घेतली आणि रविवारी तलासरी नाक्यावरून जीपने निघाले. वाटभर मनातल्या मनात तिला काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मांडवात शिरते तर सुषमा कमरेवर पाण्याची कळशी घेऊन पळत समोर आली. अंगावर साधा ड्रेस.

"तू नवरी ना?" मी खेकसलेच.

हसता हसता तिच्या कळशीतलं पाणी सांडलं. "मी कशाला, मॅडम? आईचं लगीन आहे. आणि वहिनीचं."

मांडवात दोन जोड्या बसल्या होत्या. एक मनिष आणि त्याची बायको. दुसरी सुषमाचे आईवडील, बुधीबाई आणि हाल्या. हाल्याचे केस पांढरे झालेले, आणि तो नव्या नवऱ्यासारखाच लाजून खाली बघत होता. बुधीबाई हळदीने पिवळीजर्द, आणि तिच्या मांडीवर मनिषचं तान्हं पोर आजीच्या मुंडावळ्या ओढत होतं. धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या म्हाताऱ्या बाईने, गाणं धरलं होतं.

इकडे घर आधी थाटतात आणि लग्न जमेल तेव्हा लावतात, हे मी ऐकून होते. डहाणूत जन्म काढून पाहिलं मात्र कधी नव्हतं. सुषमाने समजावून सांगितलं. आईवडिलांचं तेव्हा जमलं नव्हतं. मग पोरं झाली, घर झालं, लग्न तेवढं राहून गेलं. आता मनिषचं लावायचं तर आधी बापाचं लागलेलं हवं. म्हणून एकाच मांडवात दोन्ही.

आता माझ्या हातात एक साडी आणि पुढ्यात दोन नवऱ्या. काय करणार? बुधीबाईपुढे धरली. तिने ती उचलून सुनेच्या खांद्यावर टाकली. सुनेने परत सासूच्या खांद्यावर. पोराला वाटलं हा खेळच आहे, त्याने मधेच पदर धरला. सगळा मांडव हसत होता. शेवटी बुधीबाई म्हणाली, "आजचे दिस माझी. उद्या तिची."

जेवताना मी तिच्या शेजारी बसले. राहवलं नाही, विचारलं, "इतकी वर्षं कोणी काही बोललं नाही तुम्हाला?"

"काय बोलायचं, बाय?" ती म्हणाली. "घर चाललं होतं ना. राहिलं होतं, ते आज केलं."

परतताना जीपमध्ये माझा राग कुठल्या कुठे गेला होता. कानात तेवढं बुधीबाईचं ते एक वाक्य घुमत होतं.

सोमवारी मी बैठकीत सगळी हकीकत सांगितली, माझ्या फजितीसकट. गौरव हसला. सर हसले नाहीत.

"सरला, तुला अट काढून टाकायची आहे. मग सरळ बोल ना."

मी उभी राहिले होते, ती तशीच बोलले. "नाही सर. त्या बाईने लग्नाची अट कुठे काढली? तिने पुरी केली. फक्त मागाहून."

 सर म्हणाले, "मागाहून म्हणजे कधी? नातवंडं झाल्यावर?"

"पहिलं सत्र संपायच्या आत."

"आणि शिकवणार कोण? तुम्हा सगळ्यांचे तास भरलेले आहेत."

मी वेळापत्रक पुढ्यात ओढून रिकामा तास शोधू लागले. गौरवही त्यात डोकावला. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"सकाळी मी मोकळाच असतो," ते म्हणाले. "घरी बसून सुनेला भाजी कशी चिरायची ते सांगत असतो. तीही सुटेल बिचारी."

माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. या माणसाने मला एकदा शिकवलं होतं, तेवढ्यावर मी जन्मभर पोट भरलं. आता तो पुन्हा खडू हातात घ्यायला निघाला होता, आणि तोही न बघितलेल्या मुलीसाठी. मी 'थँक यू' म्हणाले. ते फार तोकडं वाटलं, म्हणून वाकून नमस्कार केला.

पूर्वअटीची ओळ गौरवने लिहिली. 'बारावीला बुक-कीपिंग झालेलं नसेल तरी प्रवेश मिळेल. पहिल्या सत्रात ते इथेच शिकून पूर्ण करावं.' त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं साधं वाक्य असावं. मी ते सुषमाला फोनवर वाचून दाखवलं.

"परत वाचा, मॅडम," ती म्हणाली. मी वाचलं.

"म्हणजे आधी यायचं?"

"हो. आधी यायचं."

मग तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. उंबरगावच्या कंपनीला तिने त्याच दिवशी 'येत नाही' म्हणून कळवलं.

सरांच्या पहिल्या तासाला मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसले. आठ-दहा मुलं होती, सगळी कला शाखेची. सुषमा दारात आली, आणि तिच्यामागून बुधीबाई. अंगावर मोरपंखी साडी. म्हणजे उद्याची पाळी अजून सुनेकडे गेली नव्हती, किंवा आज परत मागून घेतली असेल. पहिल्या जीपने आल्या होत्या दोघी. बुधीबाई सरळ सरांच्या टेबलापाशी गेली आणि सुक्या चिकूची पिशवी त्यांच्यासमोर ठेवली.

"लग्नाला तुम्ही नव्हता, मास्तर," ती म्हणाली. "ह्ये तुमचं राहिलं होतं."

काशीनाथ सर वर्गात कोणासाठी उठल्याचं मला आठवत नाही. तपासणीला मोठे साहेब आले तेव्हाही ते खुर्चीतूनच बोलले होते. आता ते उठले, दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि म्हणाले, "बाई, तुमचं राहिलेलं तुम्ही पुरं केलंत. हिचं मी करून घेतो."