चाकूची लव

माझी अकरा कलमं मेली, तेव्हा आख्ख्या गल्लीला कळलं. जिवंत राहणार म्हणून मीच सांगत फिरले होते ना.

आंबा पुष्पावतीबाईंचा. त्या माझ्या चुलत जाऊबाई, कोल्हारात घराला घर लागून. त्यांच्या बांधावर एक जुनं आंब्याचं झाड होतं. फळ लिंबापेक्षा थोडं मोठं, कोवळेपणी फोडलं की शेपूचा वास. पिकलेला आंबा कुणी तोंडात धरायचं नाही, पण लोणचं म्हणाल तर दोन वर्षं कराकरा वाजायचं. गल्लीतली सगळी लोणची त्या एका झाडाची. आणि आता शिवाररस्ता रुंद व्हायचा होता, झाड बरोबर मधे. जाऊबाईंनी सही करून दिली. घरी येऊन भाकरी थापल्या, जेवल्या, भांडी घासली. झाडाबद्दल एक शब्द नाही. ज्या बाईला मिरची जरा तिखट निघाली तरी दुकानदाराचं कूळ उद्धरायची सवय, ती गप्प बसली की घाबरायला होतं.

म्हणून मी बोलून गेले, की जाऊबाई, मी कलम करते, तुमचा आंबा कुठं जात नाही.

कलम मी मोबाईलवर बघून शिकलेली. पेरू, मोगरा, जास्वंद यांवर हात बसला होता. आंब्याच्या कोयीची रोपं आणली, झाडाच्या काड्या आणल्या, पाचरीसारख्या तासून रोपांच्या चिरेत बसवल्या, बांधल्या. पंधरा दिवसांत अकराच्या अकरा काळ्या पडल्या. जाऊबाईंनी एक काळी काडी उपटून बघितली आणि म्हणाल्या, "उदबत्ती म्हनून लावायला बरी हाय."

तेवढं बोलल्या हेही मला बरं वाटलं. पण झाड पडायला आठच दिवस उरले होते. त्यानंतर काड्या कुठून आणायच्या?

मग मी रंभाजीबाबांकडे गेले. राहुरीकडच्या एका रोपवाटिकेत त्यांनी चाळीस वर्षं कलमं बांधली. आता डोळे अधू, पण बोटं शाबूत. त्यांनी माझा चाकू घेतला, अंगठ्याच्या पेरावरून धारेच्या आडवा हळूच फिरवला आणि विचारलं, धार कशावर लावतेस. मी म्हटलं, सहाणेवर, चांगला अर्धा तास.

"सूनबाई, धार हाय, पन लव झडली न्हाई."

सहाणेवर लोखंड घासलं की धारेच्या टोकाला त्याचीच बारीक लव उभी राहते. डोळ्याला दिसत नाही, नखाला अडकते. भेंडी चिरायला तिची अडचण नसते, पण कलमाचा काप ती फाडते. फाटलेल्या दोन सालींचा सांधा कसा जुळायचा? लव झडायला चामडं लागतं. पूर्वी न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचे, तसं.

घरी आले. चामडं म्हटल्यावर डोळ्यापुढे आला तो आमच्या ह्यांचा कमरेचा पट्टा. माझ्या भावानं मागं एका दिवाळीला दिलेला, आतल्या बाजूला ‘अस्सल लेदर’ असा छाप. हे, श्रीमंत नाव त्यांचं, तेव्हा अंघोळीला गेले होते. मी पट्टा गोठ्याच्या खांबाला अडकवला, ताणून धरला आणि सहाणेवर करते तसाच चाकू पुढे ढकलला. धार पुढे. खस्सकन पट्ट्यात शिरला. वर काळा पापुद्रा, आत पुठ्ठा.

हे टॉवेलवर बाहेर आले. पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तुज्या भावानं सात वर्सं मला पुठ्ठ्यात गुंडाळून ठिवलं व्हय."

त्या दिवशी ते पँट सुतळीनं बांधून सोसायटीत गेले आणि भेटेल त्याला सुतळी का, ते सांगत आले.

रंभाजीबाबांना सांगितलं तर हसून त्यांना ठसका लागला. सहाणेवर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे, हे त्यांनी आधी सांगितलंच नव्हतं. एवढं कुणाला कळत नाही असं त्यांना वाटलं नव्हतं म्हणे. मग चामडं कसं निवडायचं तेही सांगितलं. नवं नको. चपलेच्या तळाचं नको, ते दगडासारखं. पर्सचं नको, ते ओढलं की लांबतं आणि धार गोल होते. जुनं, चपटं, तेल प्यालेलं, नख दाबलं तर उमटेल पण रुतणार नाही असं हवं.

तसं चामडं आमच्या घरात एकच होतं, आणि ते मागायची माझी छाती नव्हती. बैलांची घागरमाळ, घुंगरं ओवलेला चामड्याचा गळपट्टा. बैल विकून सहा वर्षं झाली, तरी हे पोळ्याला ती खाली काढून तेल लावतात आणि परत खुंटीला टांगतात. गावातली पोरंटोरं हात लावतील म्हणून खुंटीही उंच ठोकलेली.

मी माळेचं नाव काढलं नाही. नुसतं बाबांचं म्हणणं जेवताना सांगितलं. ह्यांनी ताटात हात धुतला, स्टूल घेतलं आणि माळ काढली. बकलापलीकडचं वीतभर टोक कापून माझ्यापुढे ठेवलं.

"घुंगराला हात लावायचा न्हाई," म्हणाले. "आन धार पुढं न्हाई."

ते टोक मी फळीवर चिकटवलं. चुलीतली राख जुन्या सुती लुगड्यातून गाळली, खोबरेलाच्या थेंबात कालवली आणि बोटानं चोळली. मग चाकू जवळजवळ आडवा ठेवून, पाठ पुढे, हलक्या हातानं ओढत न्यायचा. टोकाला पोचलं की उचलायच्या आधी थांबायचं, नाहीतर धार वळते. पाठीवरच उलटा करायचा आणि परत. वीस इकडून, वीस तिकडून. सहाणेवर खर्रखर्र आवाज, इथं नुसता श्वास घेतल्यासारखा. कणीक मळण्यापेक्षा मला ते आवडायला लागलं. घरातल्या विळ्यासुऱ्या सगळ्या पट्ट्यावरून गेल्या. टोमॅटोची चकती इतकी पातळ निघायला लागली, की ह्यांनी विचारलं, टोमॅटो महाग झालाय का.

झाड पडायच्या आदल्या दिवशी काड्या काढल्या. पहिला काप मारून रंभाजीबाबांच्या हातात दिला. त्यांनी तो गालाला लावला. ओला, गार, कुठे खरखर नाही. मान हलवली. मी पिशव्यांतल्या नव्या रोपांवर बारा कलमं बांधली, वर पेप्सीकोल्याच्या, म्हणजे बर्फाच्या कांडीच्या, रिकाम्या प्लास्टिक नळ्यांच्या टोप्या घातल्या. दुसऱ्या दिवशी झाड पडलं. जाऊबाई बघायला गेल्या नाहीत. माझ्या अंगणात येऊन बसल्या आणि बाराही पिशव्यांना पाणी किती, ऊन किती, यावरून मला टोचत राहिल्या. रोज येत. अठरा दिवस.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी त्यांनीच हाक मारली. एका टोपीच्या आत तांब्याच्या रंगाचं पान, नखाएवढं. संध्याकाळी आणखी दोन. आठवड्यात नऊ.

नववं फुटलं तेव्हा जाऊबाई खाली बसल्या, पदर डोळ्याला लावला, आणि लगेच काढूनही घेतला. विचारलं, लोणच्याला आंबे कधी येतील. मी म्हटलं, चार-पाच वर्षं तरी लागतील.

"लई झाली," त्या म्हणाल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "म्हंजे तवर मला मरता यायचं न्हाई."

आणि एक पिशवी काखेत मारून, तुमची पाच फूट जागा माझ्या कुंपणाला लागून हाय ती झाडाला सोडा, म्हणून ह्यांच्याशी भांडायला गेल्या. अर्धा तास भांडल्या. गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जात होतं. मी फाटकात उभी राहून मनसोक्त ऐकून घेतलं.