एकाच मापाचे ग्रह

"आई, हे सगळे सारखेच आहेत!"

आईने शिवणमशीनवरून मान वर केली. शेजारणीचे शिवायला आलेले पडदे बाजूला ठेवून तिने सकाळी सकाळी लेकीसाठी कापडी ग्रह शिवले होते. चांगले संत्र्याएवढे, कापसाने टच्च भरलेले.

"सारखेच असणार. कापडं एकावर एक ठेवली नि एका मापाने कापली. अभ्रे नाही का तसेच कापत?"

"ग्रह म्हणजे काय अभ्रे आहेत? गुरू सगळ्यात मोठा, बुध सगळ्यात लहान! आणि हे नऊ कशाला?"

"ते आजोबांना विचार."

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. "नऊच असतात. प्लूटो धरून."

"आता आठच, आजोबा. प्लूटोला बटू ग्रह म्हणतात."

"कुणी काढलं त्याला? मला कुणी विचारलं?"

"बाबा, तुम्ही जरा गप्प बसता का!" आईने सासऱ्यांकडे बघत कपाळावर हात मारला.

घरात ही लेक, मुंगी, बोलून बोलून डोकं उठवायची. नव्या शाळेत मात्र तिने अजून वर्गात तोंड म्हणून उघडलं नव्हतं. सूर्यमालेबद्दल कोण बोलणार, असं बाईंनी विचारलं तेव्हा कधी नव्हे तो तिचा हात वर गेला. आणि आज तो दिवस. ग्रह चुकले नि पोरं हसली, तर तो हात पुन्हा वर व्हायचा नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

"मी नाही जात शाळेत," मुंगी म्हणाली.

"नको जाऊस! मीपण नाही शिवत!" आईने तणतणत दोऱ्याचं रीळ टाकलं. ते नेमकं बटणांच्या डब्यावर बसलं. डबा कलंडला, बटणं घरभर.

वेचता वेचता मुंगी थबकली. शर्टाचं निळं बटण तिने कापडी चेंडूशेजारी ठेवलं.

"आई गं! हेच बरोबर आहे. ही पृथ्वी, हा गुरू!"

"एवढीशी?"

"एवढीशीच. शुक्र जवळजवळ तेवढाच. मंगळ त्याच्या निम्मा. बुधाला बाळाच्या झबल्याचं बटण दे."

मग आईचे हात थांबेनात. एका चेंडूतला थोडा कापूस काढून भोवती लेस टाचली, शनी झाला. दोन उसवून, गच्च आवळून लिंबाएवढे केले. युरेनस नि नेपच्यून. सूर्यापासूनच्या क्रमाने सगळे नाडीत ओवेपर्यंत बाहेर व्हॅनचा हॉर्न.

"अगं, सूर्य राहिला!" आई दारातून ओरडली.

"काय गं मुंगी, सूर्याविना कसली सूर्यमाला?" व्हॅनवाले काका हसले. आतली पोरंही खिदळली. आईला वाटलं, आता ही मान खाली घालणार.

"ह्या मापाने सूर्य केला तर तुमच्या दारातून आत येणार नाही, काका!" मुंगीचा आवाज गल्लीभर घुमला. "आणि तो वर आहेच की. बघू नका पण, डोळे जातील!"

व्हॅन वळेपर्यंत तोच आवाज, गुरूपासून शनीपर्यंत.

आई डोळे पुशीत आत आली. पडदे तसेच पडलेले, पायाखाली बटणं, आणि आजोबा उरलेल्या चेंडूंतला एक कुरवाळत बसलेले.

"सूनबाई, ह्या माझ्या प्लूटोचं काय करायचं?"

"उशाला घ्या!" ती म्हणाली आणि बटणं वेचायला बसली.