सळई कशाला तरी लागली

देल्फिनाला बर्फाची भीती वाटायला लागली ती त्या ऑगस्टमध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, प्रशिक्षणाच्या पहिल्याच सकाळी. इतकी वर्षं ती आणि तिचा नवरा एवारिस्तो बारिलोचेच्या वरच्या डोंगरातला निवारा फक्त उन्हाळ्यात चालवायचे. चढून आलेल्यांना मसुराचं कालवण आणि गरम पाव द्यायचे. यंदा हिवाळ्यातही दार उघडं ठेवायचं ठरलं, म्हणून घसरत्या बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधून काढायला दोघांना शिकणं भाग पडलं.

शिकवणारी इताती त्यांच्या मुलीच्या वयाची. माते नावाच्या कडवट चहाचा कप पुढे करत ती म्हणाली, "बर्फाखाली गेलेल्या माणसाकडे गावातून मदत येईपर्यंत वेळ नसतो. जो जवळ असेल त्यानंच काढायचं."

"मला नको काढूस हं, म्हातारे," एवारिस्तो बायकोला म्हणाला. "वसंतात वितळून येईन खाली!"

इताती हसली. देल्फिनानं कप न पिताच खाली ठेवला.

सरावात तिची त्रेधा उडायची. प्रत्येकाच्या छातीला बांधलेलं, सतत इशारा पाठवणारं बीपर शोधावर लावायचं, पडद्यावरचा बाण सांगेल तिकडे जायचं, अंतराचा आकडा सर्वांत कमी होईल तिथे लांब सळई खुपसायची. बीपर घालून पुरलेली पिशवी एवारिस्तोला चटकन सापडायची. ती मात्र गोल गोल फिरत राहायची.

"घाबरा की, देल्फिनाताई," इताती म्हणायची. "फक्त हात थांबवू नका."

शेवटच्या दिवशी वारा सुटला. इतातीनं उतारावर खड्डा खणून पाहिला, तर वरचा थर फावड्याचा धक्का लागताच अख्खा घसरला. "झालं. परत फिरायचं," ती म्हणाली. परतीच्या वाटेत एक घळ होती. "एकेकानं जायचं. मी पलीकडे पोचून हात वर केल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही."

ती पलीकडे पोचतच होती, तेवढ्यात एवारिस्तो निघाला.

"अरे थांब! तिनं हात वर नाही केला!" देल्फिना ओरडली.

"इथे उभं राहून गोठायचं का? सकाळी आलोच ना याच वाटेनं!"

इताती ओरडत मागे वळली. पायाखाली कुठेतरी खोल धप्प झालं. एवारिस्तोच्या वर एक भेग सरसरत गेली आणि सगळा उतार चालू लागला. त्याची लाल टोपी एकदा दिसली, मग दिसली नाही.

सगळं शांत झालं, तेव्हा इताती पलीकडे कमरेपर्यंत रुतली होती. "गुडघा गेला माझा! ताई, वर बघा, काही सुटत नाहीये ना? मग उतरा! तुम्हीच आहात आता!"

देल्फिनानं वर पाहिलं. काही हलत नव्हतं. मग ती बसून, घसरत, ढेकळांवर आपटत खाली गेली. बीपर शोधावर लावलं. बाण भलतीकडेच, इतातीकडे.

"तुझंच दाखवतंय गं! बंद कर!"

इतातीनं आपलं बंद केलं. बाण फिरला. आकडा उतरत गेला, मग पुन्हा वाढला. देल्फिना रडत मागे सरकली, यंत्र बर्फाला टेकवून हळूहळू सरकवत राहिली. आकडा सर्वांत लहान झाला तिथे सळई खुपसली. एकदा. जरा बाजूला. पुन्हा.

सळई कशाला तरी लागली. दगडासारखं टणक नव्हतं.

आणि क्षणभर तिला वाटलं, दगडच असू दे. खणलं, तर त्याचा चेहरा बघावा लागेल.

"सळई काढू नका! उताराच्या खालच्या बाजूनं खणा!" इताती ओरडली.

देल्फिना पाठीवरचं फावडं काढून खणत सुटली. बर्फ सिमेंटसारखा घट्ट झाला होता. आधी बाही दिसली, मग खांदा, मग निळसर ओठ. तिनं त्याच्या तोंडातला बर्फ बोटांनी काढला. काही झालं नाही. तिनं त्याच्या तोंडात श्वास फुंकला, परत फुंकला. मग तो खोकला, आणि एवढ्या वर्षांत कधी ऐकला नव्हता तसा, लहान पोरासारखा रडला.

इतातीनं रेडिओवरून हाक दिली होती; दुपारपर्यंत माणसं येऊन जखमी दोघांना खाली घेऊन गेली.

दवाखान्यात, खांदा बांधलेला एवारिस्तो म्हणाला, "काय गं, वसंतापर्यंत थांबवेना का तुला?"

ती हसली नाही. "यापुढे वर कधी जायचं ते मी ठरवणार. मी नाही म्हटलं की नाही."

त्यानं मान डोलावली. खणण्याआधी तिच्या मनात काय आलं होतं, ते तिनं त्याला सांगितलं नाही. टेबलावरचा सूपचा वाडगा तिनं उचलला. दोन्ही हातांनी धरून तो त्याच्या ओठांना लावला.