विसाव्याची जागा

"आठे नको, हिलालभाऊ. जरासं पुढे चाला," म्हणत हॉटेलचा वॉचमन लोटन शिट्टी तोंडातून काढून तिरडीला आडवा आला.

हॉटेलात दुपारच्या जेवणाची गर्दी होती. फाटकाशी गाड्या खोळंबल्या होत्या. हिलाल मडकं हातात धरून पुढे चालत होता आणि मागे चौघांच्या खांद्यावर त्याची आई होती, नर्मदाबाई. परकी कुठली, लोटनच्याच गल्लीतली. लोटनची पोरगी काजल जन्मली ती या म्हातारीच्या हातावर.

"आप्पा, मन्ही माय शे हाई," हिलाल म्हणाला. "सम्दा आठेच ठेवतस ना."

"माले समजस रे. पन मालकनी सांगेल शे. पुढे नालाजोडे जागा शे, तठे ठेवा."

त्यानं हातानं हॉटेलच्या भिंतीपलीकडे दाखवलं. हिलालनं त्याच्या टोपीकडे पाहिलं, मग खाली बुटांकडे पाहिलं आणि चालू लागला. माणसं पुढे सरकली. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला, तसं लोटननं शिट्टी मारून तिला आत घेतलं.

शहाद्यात गोमाई नदीकडे जाणारा हा रस्ता पूर्वी कोण विचारत होतं? एक पिठाची गिरणी, एक भंगारवाला आणि कडुलिंबाखाली लोटनचं सायकलचं दुकान, एवढाच काय तो त्याचा थाट. त्या लिंबाखाली एक सपाट दगड होता. स्मशानाकडे निघालेली तिरडी निम्म्या वाटेवर त्या दगडावर टेकवायची, कणकेचा गोळा ठेवायचा, पुढच्या खांदेकऱ्यांनी मागे जायचं, मागच्यांनी पुढे यायचं. याला विसावा म्हणत. तिरडी दिसली की लोटन हातातला पाना खाली ठेवून उभा राही आणि सुगंधाबाई, त्याची बायको, घागरीतलं पाणी आणून खांदेकऱ्यांना पाजी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. दुकान आमचं, म्हणजे विसावाही आमचा, असं ती धरून चालली होती.

मग केळीचा, कापसाचा पैसा या रस्त्यावर उतरला. रस्ता रुंद झाला, दुकान गेलं, गिरणी गेली. कॉफीची दुकानं आली, एकाला एक लागून दोन बार आले आणि लिंबाच्या जागी करणसिंग गिरासेचं गार्डन रेस्टॉरंट उभं राहिलं. लिंब तेवढा राहिला. त्याच्या अंगावर दिव्यांच्या माळा चढल्या आणि दगड उपटून तिथं रंगीत फरशा बसल्या. करणसिंग वाईट माणूस नव्हता हो. दुकान गेलेल्या लोटनला त्यानं आपणहून बोलावून वॉचमन केलं. पण एक दिवस फाटकात तिरडी टेकली आणि वाढदिवसाला आलेली अख्खी पंगत ताटं टाकून उठून गेली. तेव्हापासून लोटनच्या कामात आणखी एक काम आलं. गल्लीतली माणसं गरीब, भांडणारी नव्हती. लोटन सांगतो म्हणून ऐकत गेली.

त्या संध्याकाळी सुगंधाबाईनं ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

"नर्मदामायले तठे ठेवू दिधं नही म्हने तुम्ही."

"मन्ही नोकरी शे ती."

"नोकरी शे," ती म्हणाली आणि तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मी मरसू तवय माले तठेच ठेवा. मन्हा तीस वरीस तठे गयात. मंग कोठे बी लई जा."

"काय बी बोलस," लोटन म्हणाला आणि भाकरी मोडू लागला.

बोलण्याला बोलणं म्हणून सोडून द्यावं, तर पुढं तिच्या पोटात पाणी भरायला लागलं. धुळ्याच्या डॉक्टरनं तपासून घरी न्यायला सांगितलं. काजल सुरतेहून आली. खाटेवर पडल्या पडल्या सुगंधाबाईचं एकच चालू होतं. "इचारं का तुम्ही मालकले?" सकाळी तेच, दुपारी तेच. औषध नको, डॉक्टर नको. त्या एका जागेवर तिचा जीव अडकला होता.

शेवटी लोटननं टोपी काढून करणसिंगला विचारलंच. करणसिंग गल्ल्यावरून उठून बाहेर आला.

"आप्पा, हाई काय इचारनं शे? काकीले आठेच ठेवा. गाड्या काढी लेसूत, गाणं बंद करसूत. मी सोता उभा ऱ्हासू."

लोटननं घरी येऊन सांगितलं. सुगंधाबाईनं डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी तिला स्वस्थ झोप लागली. बायकोचं एक मागणं तरी पुरं होणार, म्हणून लोटनही त्या दिवशी पोटभर जेवला. गल्लीत मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगणार कोणत्या तोंडानं? ज्यांच्या आयाबापांना आपण पुढं हाकललं, त्यांना आपल्या बायकोपुरती परवानगी मिळाली म्हणून सांगायचं? मालक उभा राहणार आहे, तो बोलेल, असं म्हणून त्यानं ते तसंच राहू दिलं.

चार दिवसांनी ती गेली. पोरगा नाही, म्हणून मडकं लोटनच्या हातात आलं. तिरडीला पहिला खांदा हिलालनं दिला. लोटननं वळून ते पाहिलं.

रस्त्याचं वळण गेलं आणि हॉटेल दिसलं. करणसिंगनं शब्द पाळला होता. एक गाडी नव्हती, गाणं बंद होतं, लिंबाखालच्या फरशा पाणी टाकून धुतल्या होत्या. आणि फाटकात तो स्वतः उभा होता, हात जोडून, मान खाली घालून, मयतासमोर शहाणा माणूस उभा राहतो तसा गप्प.

लोटन लिंबापाशी थांबला. मागची पावलंही थबकली.

"मालक सोता उभा शे," मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

मग हिलालचा आवाज आला, समजूत घालणारा. "चाला आप्पा. आम्ही थांबतस नही. तुम्हनी नोकरी जाई."

एक शब्द पुरे होता. ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. लोटननं तोंड उघडलं. पण मागे खांदा देऊन हिलाल उभा होता, आणि याच जागी याच तोंडानं आपण त्याला काय सांगितलं होतं ते लोटनच्या कानात घुमू लागलं. त्याची जीभ रेटेना. त्यानं करणसिंगकडे पाहिलं. करणसिंगची मान खालीच होती. मयताच्या माणसांना आपण काय सांगावं, त्यांच्या मनात असेल तसं ते करतील, असं त्याला वाटलं असणार.

लोटन चालू लागला. मागची माणसंही चालू लागली.

भिंतीपलीकडे नाल्याजवळ तो थांबला. इतक्या जणांना त्यानं हात करून ही जागा दाखवली होती, स्वतः मात्र इथं आज पहिल्यांदा आला होता. हॉटेलच्या भटारखान्याचा पाइप इथंच सुटत होता. तेलकट पाणी, कांद्याची सालं, कोंबडीची पिसं. पाय ठेवावा तिथं पचपच होत होतं.

"तठे नको, गारा शे," हिलाल खांदेकऱ्यांना म्हणाला. "हाई कडले ल्या. आठे जरासं कोरडं ऱ्हास."

त्याला ती जागा बरोबर माहीत होती. त्यानं आपला खांदा दुसऱ्याला दिला, गळ्यातला टॉवेल काढला, झटकला आणि जमिनीवर नीट अंथरला. मग चौघांनी सुगंधाबाईला त्यावर टेकवलं.