शिवणीत राखलेलं कापड

मी एक जुनं मूत्रपिंड आहे, मित्रांनो. तोंड वाकडं करू नका! रक्त गाळायचं आणि त्यातली घाण लघवीवाटे बाहेर टाकायची, हे माझं काम. कामाची कसली लाज?

आम्ही जुळी भावंडं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पाठीशी, बरगड्यांच्या आडोशाला राहायचो. ती दिवसभर मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची आणि पाणी प्यायला विसरायची. आम्ही कुरकुर न करता निभावून न्यायचो. तिच्या मुलाची मूत्रपिंडं मात्र ऐन तारुण्यात निकामी झाली. तो लोकांचं घरसामान हलवायचा, एकट्याने कपाट उचलायचा. आई त्याला दांडगोबा म्हणायची. तो दांडगोबा आता रक्त गाळणाऱ्या यंत्राला जोडलेला, निपचित पडून असायचा.

"माझी किडनी घ्या," आई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी माझी लांबीरुंदी, आईचं वय, मुलाचं वजन सगळं पाहिलं. "किडनी चांगली आहे, पण वयस्क आणि आकाराने लहान. तुमच्या मुलाचं शरीर मोठं. क्रिएटिनिन पावणेदोनच्या आसपास थांबेल, असा माझा अंदाज आहे." क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साचणारी घाण. ते जितकं कमी, तितकं आमचं काम चोख.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझंच माप तोकडं पडलं."

"तसं नाही हो. नव्या जागी किडनी थोडी वाढतेसुद्धा. किती, ते आधी नक्की सांगता येत नाही."

"अगंबाई! म्हणजे शिवणीत कापड राखलेलं आहे म्हणा की! वाढत्या अंगाच्या पोरांना मी तसंच शिवते."

मला भावंडाचा निरोपही घेता आला नाही. काही वेळ बर्फात काढला आणि मग मुलाच्या ओटीपोटात माझं नवं घर झालं. त्याचं रक्त आत शिरलं, तशी मला ऊब आली. आईने सांगितलं होतं ना, कापड राखलेलं आहे? मी होतं नव्हतं ते सगळं उलगडलं. क्रिएटिनिन सव्वावर आलं.

"आई, तुझी किडनी पहिली आली!" तो ओरडला. आईचा जीव भांड्यात पडला. माझं इतकं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

या शरीराच्या राखणदार पेशींना मी परकं वाटतं. त्यांना शांत ठेवायला रोज वेळेवर गोळ्या लागतात. पण दांडगोबा पुन्हा कपाटं उचलू लागला आणि गोळ्या घ्यायच्या राहू लागल्या. क्रिएटिनिन दीडवर गेलं. आई रागावली, तर म्हणाला, "अगं, डॉक्टरांनी पावणेदोन सांगितलं होतं. अजून बरीच जागा आहे!"

त्या जागेत मी होतं, मित्रांनो. राखणदार रोज माझा एकेक कोपरा कुरतडत होते आणि मला हाक मारता येत नव्हती.

त्याचे पाय सुजले, तेव्हा सगळे धावले. रिपोर्ट पाहून डॉक्टरबाई खुर्चीत मागे टेकल्या. "अहो, तो अंदाज होता. मुभा नव्हती."

दांडगोबा लहान मुलासारखा रडला. त्यानंतर त्याने एकही गोळी चुकवली नाही, पण मी फार झिजलं होतं. आता तो पुन्हा यंत्राला जोडलेला असतो आणि मी आत सुकत चाललंय. मला त्याचा राग येत नाही. फार वाईट मात्र वाटतं.

तुमच्या घरी कुणाला असं दान मिळालं असेल, तर ते बरं चाललंय तेव्हाच त्याला जपा. शिवणीत राखलेलं कापड एकदाच सोडता येतं.

काल आई आली. मी आहे तिथे, त्याच्या पोटावर, तिने हात फिरवला. मग डॉक्टरबाईंकडे वळून अगदी सहज म्हणाली, "माझ्याकडे अजून एक आहे ना. ती काढून घ्या."

डॉक्टरबाईंनी तिचा हात हातात घेतला. "आई, ती तुमच्यासाठी आहे."

"माझ्यासाठी कशाला?" आईने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.